नागोरावांची आठ पानी वेबसाइट

नागोराव टाले पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी माझ्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरच्या काचेवर रबरी शिक्का मारला. गोल शिक्का, जांभळी शाई, कडेने वाचनालयाचं नाव आणि मधोमध ‘पाने फाडू नयेत’. मी खुर्चीवरून ओरडलेच, "अहो, काय करून राहिले तुमी?" नागोराव शाई वाळावी म्हणून काचेवर फुंकर घालत होते. वळून म्हणाले, "ताई, सार्वजनिक वाचनाची वस्तू हाय ही. चार माणसं येऊन वाचणार. मंग शिक्का पाहिजे का न्हाई? बराबर हाय का न्हाई?"

काचेवर शाई धरेना. अक्षरं ओघळत ओघळत खालच्या बटणांपर्यंत आली. नागोरावांना फार वाईट वाटलं. माझ्या कॉम्प्युटरबद्दल नव्हे, शिक्क्याबद्दल. "सव्वीस वर्षांत पयल्यांदा पुसट उठला," असं ते दोनदा म्हणाले. मी रॉकेलच्या बोळ्यानं काच पुसली आणि मनात म्हटलं, हा माणूस आता रोज येणार. आणि ते खरंच रोज आले.

माझं दुकान म्हणजे जवळा बाजारातलं पहिलं नेट कॅफे. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. त्याआधी तिथं माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, पाच कॉम्प्युटर आले, बाकडी मात्र तीच राहिली. दहावी-बारावीचे निकाल, भरतीचे फॉर्म आणि बाजारच्या दिवशी सोयाबीनचा भाव पाहायला येणारे शेतकरी, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मी तशी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे ते कळणारच आहे.

नागोराव आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. शिपाई, कारकून आणि बहुतेक वेळा एकमेव वाचकही तेच. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशात निळं पेन, लाल पेन आणि शिसपेन्सिल. बोलताना ते आमच्यासारखंच बोलत. पण हातात पेन आलं की त्यांच्यात शासन संचारत असे. वाचनालयातल्या माठावर त्यांनी लिहिलेली पाटी मला अजून पाठ आहे: ‘सदर जल पिण्यायोग्य असून वाचकांनी त्याचा विनियोग बेताने करावा.’

त्यांच्या वाचनालयात पेपर वाचायची एक पद्धत होती. परभणीहून साडेदहाची एस.टी. आली की नागोराव स्वतः स्टँडवर जाऊन पेपराचा गठ्ठा छातीशी धरून आणत. मग लांब टेबलावर पेपराची पानं सुटी करत. आठ पानं, आठ वाचक. एका पानाला दहा मिनिटं. दहा मिनिटं झाली की नागोराव पट्टी टेबलावर आपटत आणि म्हणत, "पान सोडा." मग सगळ्यांनी आपापलं पान उजवीकडच्या माणसाला द्यायचं. अर्धी बातमी राहिली तर राहिली. एकदा तालुक्याचे एक मोठे साहेब पाहणीला आले आणि सहज म्हणून अग्रलेख वाचत बसले. दहा मिनिटं होताच नागोरावांनी त्यांच्या हातातलं पान काढून शेजारच्या खत दुकानदाराला दिलं. वाचनालयाचं अनुदान त्या वर्षी लांबलं म्हणतात.

त्यांचं लग्न झालं नाही, त्यालाही पेपरच कारण. तरुणपणी ते हट्टा गावी मुलगी पाहायला गेले होते. पोहे आले, ते पेपराच्या कागदावर बशी ठेवून. नागोरावांनी मुलीकडे पाहायचं सोडून बशी हळूच सरकवली आणि खालची बातमी वाचायला लागले. बातमी रंगात आली आणि शेवटी ‘पान सहावर’ असं लिहून थांबली. नागोरावांनी मुलीच्या बापाला विचारलं, "पान सहा कुठं हाय?" सगळ्या घराने शोधाशोध केली. पान सहा चुलीत गेलं होतं. त्यावर नागोराव इतके हळहळले की पाहुण्यांना वाटलं, मुलगी पसंत नाही. ती मुलगी पुढं वसमतला दिली आणि नागोराव एकटेच राहिले.

मग वाचनालय बंद झालं. इमारत मोडकळीला आली होती, खोली रिकामी करा असा वरून हुकूम आला, पुस्तकं बारदानात भरून तालुक्याला गेली. नागोरावांचं वयही झालंच होतं. शिक्का, पट्टी आणि कात्रणांच्या चार वह्या एवढंच घेऊन ते बाहेर पडले. आठ वाचकांपैकी कुणी घरी पेपर लावला, कुणी टीव्ही घेतला, दोघं वारले. टेबल मोडलं आणि मंडळी पांगली.

राहता राहिला रामधन राठोड. हा जवळच्याच बंजारा तांड्यावरचा शेतकरी, नागोरावांच्याच वयाचा. नव्वद सालानंतर गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा नागोरावांनी तांड्यावर कंदील लावून वर्ग घेतला होता. वर्गात बावीस माणसं बसली आणि वाचायला एकटा रामधन शिकला. पंचेचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून तो नागोरावांना ‘गुरजी’ म्हणायचा आणि रोज तीन किलोमीटर चालत वाचनालयात यायचा. दहा मिनिटांचा नियम फक्त त्याला लागू नव्हता. तो शेवटी, सगळे गेल्यावर, अख्खा पेपर एकटा वाचायचा. पहिल्या पानाच्या नावापासून सुरुवात. ओळीखाली बोट. जाहिराती, निविदा, कोर्टाच्या नोटिसा, हरवले-सापडले, काहीही सोडायचं नाही. आठव्या पानाच्या तळाला ‘येथे छापून येथे प्रसिद्ध केले’ अशी बारीक ओळ असते ना, जी तुम्ही-आम्ही जन्मात वाचत नाही, तिथं त्याचं बोट पोचलं की तो म्हणायचा, "झाला." आणि उठायचा. गाडीभर कापूस वेचून झाल्यावर माणूस जसा उठतो तसा.

वाचनालय बंद झाल्यावर नागोराव त्याला माझ्याकडे घेऊन आले. शिक्क्यानंतर आठवडाभराने. मी मराठी बातम्यांची एक मोठी वेबसाइट उघडून दिली. रामधनने टोपी काढून मांडीवर ठेवली, चष्मा लावला आणि काचेवर बोट टेकवलं. पहिली ओळ वाचली. तेवढ्यात मधोमध एक जाहिरात उड्या मारत आली. ती गेली तर बातमी वर सरकलेली. बातमीच्या खाली आणखी पाच बातम्या, प्रत्येकीवर दाबलं की आणखी पाच. वर गेलं तर मघाची पहिली बातमी बदललेली. दोन तास त्याचं बोट काचेवर फिरत राहिलं. घामाने काच चिकट झाली. मग त्याने चष्मा काढला आणि विचारलं, "गुरजी, हा पेपर सरला हे कसं समजावं?"

नागोराव बटण दाबून दाबून शेवट शोधू लागले. मी मध्येच म्हणाले, "काका, हा सरतच न्हाई. हेच तर चांगलं हाय याचं." रामधनने माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि म्हणाला, "मंग मी पयल्यासारखाच अडाणी बरा." तो गेला तो परत आला नाही. सोयाबीनचं काम आहे, बैल आजारी आहे, गुडघा दुखतो, असे निरोप येत राहिले.

त्या दिवसापासून नागोरावांनी ती वेबसाइट सरवायचा विडा उचलला.

आता यात थोडी माझीही चूक आहे. ती उड्या मारणारी जाहिरात मलाही नकोशी व्हायची, म्हणून मी एक युक्ती शोधली होती. आमच्या ब्राउझरात एक जोड बसवता यायची. तिच्यात आपण स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची एक यादी, लिहून ठेवायची. वेबसाइट उघडली की ते हुकूम तिच्यावर चालायचे: हे लपव, ते मोठं कर, हे तिकडे सरकव. मूळ वेबसाइटला याचा पत्ताही नसायचा. बदल दिसायचा तो फक्त आपल्या मशीनवर. मी हे नागोरावांना सहज दाखवलं. त्यांनी खिशातलं निळं पेन काढून ते हुकूम वहीत उतरवून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे ताई, पेपर त्यांचा आन् टेबल आपलं." मी म्हटलं, "तसंच समजा." एवढं बोलून मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्यांनी नेटवरून स्क्रिप्ट लिहायची इंग्रजी माहिती छापून घेतली. दोनशे पानं. तिला खाकी कव्हर घातलं, पाठीवर वर्गीकरणाचा नंबर टाकला, शिक्का मारला आणि शब्दकोश शेजारी घेऊन सहा महिने ते पुस्तक वाचलं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत कंटाळतील. पण त्यांना ती भाषा फार आवडली. "नियमाची भाषा हाय ताई," म्हणायचे. "वाचक सभासद असंल तर पुस्तक द्या, न्हाईतर देऊ नका. हेच हाय सगळं. मी सव्वीस वर्ष दुसरं काय करून राहिलो?" आधी सगळं वहीत लिहायचं, लाल पेनाने तपासायचं आणि मग दोन बोटांनी कॉम्प्युटरवर उतरवायचं. प्रत्येक स्क्रिप्टला ते मराठी नाव देत. एकीचं नाव ‘जाहिरात हाकला’, दुसरीचं ‘बातमी जागेवर बसवा’, तिसरीचं ‘नटी झाका’.

पहिल्यांदा जाहिराती गेल्या. मग हलणारी अक्षरं थांबली. मग नागोरावांनी वेबसाइटचे बरोबर आठ भाग पाडले आणि एका वेळी एकच पान दिसेल असं केलं. आमच्या जिल्ह्याच्या बातम्या पान चारवर, भाव पान सातवर. एकदा एक बातमी ज्या पानावर बसली ती दिवसभर तिथून हलायची नाही. "बातमीला घर पाहिजे," हे त्यांचं पालुपद. नट्यांचे फोटो त्यांनी काढून टाकले नाहीत, सेन्सॉर ते मानत नव्हते. त्यांनी ते रंगीत पुरवणीत टाकले, आणि पुरवणी फक्त रविवारी उघडायची. त्यामुळे रविवारी सकाळी माझ्या दुकानापुढे जी रांग लागायची तशी दहावीच्या निकालालाही लागली नाही.

इथवर मी कौतुकच करत होते. पण नागोरावांना थांबणं माहीत नव्हतं. त्यांनी पानाच्या मधोमध एक आडवी करडी रेघ आणली. तिच्यावरची अक्षरं पुसट दिसायची. मी विचारलं, "हे काय बिघडलं?" म्हणाले, "घडी हाय. घडी नसलेला पेपर हातात धरवत न्हाई." मग त्यांनी प्रत्येक पानावर फिकट जांभळा शिक्का उमटवला, तो एकदा एका मंत्र्याच्या बरोबर तोंडावर उठला. आणि शेवटी, पेपर साडेदहाच्या आधी उघडायचाच नाही असं केलं. सकाळी कुणी आलं तर काचेवर पाटी दिसे: ‘एस.टी. अद्याप आलेली नाही. वाचकांनी शांतता राखावी.’ एके दिवशी हट्ट्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. नागोराव स्टँडवर जाऊन चौकशी करून आले आणि त्यांनी इंटरनेट पाऊण तास उशिरा सुरू केलं.

गंमत अशी की गावाला हे सगळं पटलं. आमच्याकडे बहुतेकांनी इंटरनेट पाहिलं ते माझ्याच दुकानात, नागोरावांनी मांडलेलं. त्यामुळे इंटरनेट असंच असतं अशी सगळ्यांची समजूत झाली. मोंढ्यातले एक आडतदार लेकाला भेटायला पुण्याला गेले होते. तिथल्या कॅफेत त्यांनी तीच वेबसाइट उघडली. जाहिराती नाचतायत, घडी नाही, शिक्का नाही, पाच मिनिटांनी बातमी जागेवर नाही. त्यांनी कॅफेवाल्याला धरलं. "डुप्लिकेट माल ठेवतो का रे? ओरिजनल पाहायचं तर जवळ्याला ये!" परत आल्यावर त्यांनी मला मुद्दाम पेढे दिले, दोन नंबरचा धंदा करत नाही म्हणून.

मी पेढे खाल्ले. ही माझी दुसरी चूक.

जिल्हा परिषदेच्या मतमोजणीचा दिवस उजाडला. सकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे गावातले सगळे टीव्ही मुके. इन्व्हर्टर फक्त माझ्याकडे. नऊ वाजता दोन्ही पार्ट्यांची पोरं गुलालाच्या पिशव्या घेऊन दुकानात घुसली. पाच कॉम्प्युटर आणि साठ माणसं. वेबसाइट उघडली तर पाटी: एस.टी. अद्याप आलेली नाही. ती जोड बंद करावी तर गर्दीतून मला मशीनपर्यंत पोचता येईना. कसेबसे साडेदहा झाले. अंक उघडला. पान एकवर मतमोजणीच्या तयारीची आदल्या दिवसाची बातमी आणि तिच्याखाली चौकटीत: ‘अंक छपाईस गेला असल्याने निकाल उद्याच्या अंकी पाहावा.’

तोवर हिंगोलीहून फोन येऊ लागले होते. कोण पुढे, कोण मागे, सगळं कळत होतं. फक्त माझ्या पाच काचांवर काही नव्हतं. एका पार्टीचा म्हणाला, "मॅडम तिकडच्या हायत, आपला लीड दाबून ठेवला." दुसऱ्या पार्टीचा म्हणाला, "काहून बोंबलतो, त्या तर तुमच्याच हायत." मी ओरडले की मी कुणाचीच नाही, यावर मात्र दोघांनाही विश्वास बसेना. ढकलाढकलीत पिशवी फुटली आणि दीड किलो गुलाल दोन नंबरच्या कीबोर्डमध्ये गेला. नागोराव या सगळ्यात एका बाकड्यावर उभे राहून पट्टी आपटत सांगत होते, "निकाल उद्या सकाळी, दुरुस्त होऊन, पक्का मिळंल! घाईची बातमी कच्ची असती! बराबर हाय का न्हाई?" त्यांना कुणी मारलं नाही, ते निव्वळ त्यांच्या पांढऱ्या केसांमुळे.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी त्यांच्यावर इतकी भडकले की आज आठवलं तरी लाज वाटते. म्हटलं, तुमचं वाचनालय मेलं, आता माझं दुकान मारायला निघालात. काढा ते सगळं, आत्ताच्या आत्ता, पाचही मशीनवरून. गुलालाने त्यांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला होता. एकेका कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी आपल्या स्क्रिप्टा पुसल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्यापुढे बसले आणि त्यांचा हात थांबला. "ताई," म्हणाले, "हा एक राहू द्या. कोपऱ्यातला हाय, कुणाच्या नजरंत येत न्हाई. रामधनचा पेपर वाचायचा राह्यलाय."

एवढा गोंधळ, एवढे सहा महिने, ती घडी, तो शिक्का, हे सगळं त्या एका माणसाने आठव्या पानाच्या तळाशी पोचावं म्हणून होतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी ते नागोरावांचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेलं होतं. माझा राग उतरला. मी म्हटलं, "राहू द्या. पण काका तर येतच न्हाईत." नागोराव म्हणाले, "नियमानं आणतो."

त्यांनी नियमानं आणलं. वाचनालयाच्या जुन्या थकबाकीच्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे उरला होता. पुस्तक परत न करणाऱ्यांना पाठवतात ती. रामधनला पहिलं कार्ड गेलं: ‘आपणाकडे वाचन बाकी असल्याचे निदर्शनास आले आहे.’ पंधरा दिवसांनी दुसरं. मग तिसरं, लाल शाईत: ‘तीन दिवसांत समक्ष उपस्थित न राहिल्यास नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ तांड्यावर लाल शाईचा सरकारी कागद आल्याने हलकल्लोळ झाला. बाजारच्या दिवशी रामधन माझ्या दुकानात आला तो एकटा नव्हे. सोबत तांड्याचे नाईक, दोन भाऊ, बायको आणि जामीन राहायला म्हणून आणलेला एक साडू. तिन्ही कार्डं त्याने उलट्या टोपीत जपून आणली होती.

"गुरजी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी कोणतं पुस्तक ठेवून घेतलं? आईची आन, एक बी न्हाई."

"पुस्तक न्हाई," नागोराव म्हणाले. "पेपर बाकी हाय तुझा. बस."

पाच नंबरवर आठ पानांचा अंक उघडला होता. अक्षरं मोठी, पान स्थिर. पान उलटायच्या बटणावर आणि मागे जायच्या बटणावर नागोरावांनी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. रामधनने बोट टेकवलं. नाईक आणि साडू मागे उभे राहून पाहत होते. पान एक, पान दोन. पान तीनच्या घडीपाशी तो थोडा अडखळला आणि मग त्याला हसू आलं. दुपार झाली, बाजार भरला, उठायला आला. पाहुणे भजी खाऊन परत आले. आठव्या पानाच्या तळाला नागोरावांनी बारीक अक्षरांत एक ओळ बसवली होती: ‘हा अंक जवळा बाजार येथे मांडून येथेच वाचण्यात आला.’ रामधनचं बोट त्या ओळीच्या टोकाला पोचलं आणि थांबलं. पुढे काही नव्हतं. त्याने खात्री करायला बटण दाबून पाहिलं. काही हललं नाही.

"झाला," तो म्हणाला.

नागोराव उठून माझ्या माठापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ पाणी पीत राहिले. मला मात्र तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तेव्हापासून रामधन रोज यायला लागला. मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. पण दोन-तीन महिन्यांनी मला वेगळीच शंका आली. सुरुवातीला रामधन दीडपर्यंत मोकळा व्हायचा. मग तीन वाजायला लागले. मग पाच. एकदा तो लघवीला गेला असताना मी पाच नंबरपाशी जाऊन पाहिलं, तर काचेवर पान अकरा होतं.

मी नागोरावांना गाठलं. "आठ पानी पेपर बारा पानी काहून झाला?"

"पुरवणी हाय," ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "दिवाळी विशेष."

"आखाडात?"

त्यावर त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि पोस्टात काम आहे म्हणून निघून गेले. मग माझ्या लक्षात आलं की सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ते कात्रणांच्या वह्या घेऊन दोन बोटांनी काहीतरी टाइप करत बसतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बातम्या ते आजच्या अंकाला जोडत होते. मला पुन्हा राग आला. म्हातारा माणूस भोळेपणाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोय आणि हे शेवटची ओळच पुढे ढकलतायत. घरी त्याची गुरं खोळंबत असतील. हे काही बरोबर नाही.

मी पाच नंबरपाशी स्टूल ओढलं. रामधन अकराव्या पानाच्या मध्यावर होता. मी हळूच म्हटलं, "काका, एक सांगू? आठच्या पुढची पानं आजची न्हाईत. जुन्या बातम्या हायत. गुरजींना काही बोलू नका, पण तुमी आठव्याला उठत जा."

रामधनने बोट काचेवर तसंच ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग हसला.

"मला माईत हाय, ताई. ही बघा, कनेरगाव नाक्यावर ढाब्यात घुसलेल्या रेड्याची बातमी. गुरजींच्या वर्गातून निघाल्यावर मी एकट्यानं वाचलेली पयली बातमी हाय ही. मी ती इसरीन का? आज चौथ्यांदा वाचून राहिलो."

"मंग उठत काहून न्हाई?"

त्याने दाराकडे पाहिलं. नागोराव पोस्टातून परत येत होते, उन्हात डोळे बारीक करून, रिकाम्या हातांनी.

"मी उठलो की त्यांना घरी जावं लागतंय," रामधन म्हणाला. "तिथं कोन हाय त्यांना?"

नागोराव आत आले. घाम पुसत पुसत त्यांनी विचारलं, "काय रामधन, कुठवर आला?"

रामधनने मागच्या पानाचं बटण दाबलं. एकदा, मग आणखी एकदा.

"नवव्यावर हाय गुरजी," तो म्हणाला. "अक्षर लागत न्हाई आज लवकर. तुमी जरा बसा इथं."